दोन वाजून दहा मिनिटांची रेघ

पटो न पटो, ही गोष्ट माझ्या चंद्रभानमामांवर गुदरलेली आहे. मे १९९१. रात्र नाही... भर दुपार.

मामा बोईसरच्या एका कारखान्याची शिफ्टची बस चालवायचे. दुपारी नवापूरहून कामगार आणायचे. त्या वर्षी बसमध्ये वेग टिपणारं यंत्र बसवलं. आत कागदाची गोल चकती, तिच्यावर सुई दिवसभर रेघ मारायची. रेघ चाळिसाच्या वर गेली की मेमो. तीन मेमो झाले की नोकरी खलास.

मामांचे दोन झाले होते.

दोन्ही एकाच जागेचे. नवापूरचं वळण, दोन वाजून दहा मिनिटं, वेग बहात्तर!

मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वळणावर कोळणी डांबरावरच जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घालतात. तिथं मामा बैलगाडीच्या चालीनं जात.

"साहेब, बहात्तरनं जवळा तुडवला असता, तर त्या बायांनी मला जित्तं सोडलं असतं का?"

"यंत्र खोटं बोलत नाही, चंद्रभान. माणूस बोलतो."

हे कमलाकांत साहेब, गाड्यांचे सुपरवायझर. आधी हीच बस ते चालवायचे.

कामगारांतही दोन तट पडले. कुणी म्हणे, बरी वेसण घातली ड्रायव्हरांना. कुणी म्हणे, सुईला कसली अक्कल?

मामा इरेला पेटले. "उद्या शेजारी बसा. वेगाचा काटा स्वतः बघा."

साहेब बसले. वळण आलं. काटा पंधरावर...

कोळणींची बडबड एकदम थांबली.

इंजिनाचा आवाजही ऐकू येईना...

बसखाली काहीतरी धप्पकन आदळलं.

मामांनी ब्रेक दाबला. खाली कुणी नव्हतं. पण समोर पसरलेल्या जवळ्यावरून चाकांचे दोन ताजे पट्टे गेले होते.

बस अजून जवळ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

कडेला हिरा कोळीण उभी होती. ती साहेबांकडेच बघत होती.

"माजी आय रंभाबाई याच जागेवर मेली, याच गाडीखाली. तवा तुमी सांगितला, गाडी हलू व्हती. आमचा कोनी आयकला नाय."

साहेबांनी चकती काढली.

दोन दहा. बहात्तर.

"साहेब, काटा पंधरावर होता. तुम्ही बघितलंत ना?"

साहेबांनी चकती खिशात घातली.

"चकतीवर आहे तेच खरं," म्हणाले.

तिसरा मेमो त्यांच्याच सहीनं आला. मामा घरी बसले. भुताचा त्यांना कधी राग आला नाही. साहेबांचं नाव निघालं, की मात्र मरेपर्यंत ताटावरून उठायचे.

मामांच्या ट्रंकेत एक न वापरलेली चकती होती. यंत्रात कधी गेलीच नव्हती. परवा मी ती उजेडात धरली...

तिच्यावर दोन दहाला एकच रेघ आहे.