तलावापुढचं शून्य

"आमच्या तलावाले शून्य कोणं टाकलं?"

दारात उभं राहून तिनं हे विचारलं तेव्हा मत्स्य विभागाच्या ऑफिसात मी एकटाच होतो. चंद्रपूरची एप्रिलमधली दुपार. कूलरचं पाणी संपलं होतं, म्हणून मी बादली घेऊन उठलो होतो. तिनं डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते, आणि ते रागात होते.

"कोणता तलाव?"

"पोंभुर्ण्याकडला. मी दामिनी. मच्छीमार सोसायटीत कोणती मासोळी किती निंगाली, त्याची नोंद माह्याच हाती हाय."

तिनं मोबाइल पुढं केला. त्यात आम्हीच बनवलेला नकाशा होता. जिल्ह्यातला प्रत्येक तलाव म्हणजे एक ठिपका. तिचा ठिपका लाल होता. लाल म्हणजे महिन्याची सरासरी मासळी कमी. शुक्रवारी बैठक होती आणि लाल तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचे, असं जवळजवळ ठरलं होतं.

"चाळीस घरं जगतात त्याच्यावर, भाऊ. अन् तुमचा फोन म्हणते, जून शून्य, जुलै शून्य, ऑगस्ट शून्य."

"फोन नाई म्हणत. माझा प्रोग्राम म्हणतो."

"मंग तुमालेच विचारून राह्यली."

मी वरोऱ्याचा राजदीप. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आपलं काम आपल्याला फार चांगलं येतं असं मला वाटायचं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं दुपट्टा सोडला. त्यानंतर समजावून सांगायला मला थोडा वेळ लागला.

"हे पाहा. एका बाजूला तलाव. दुसऱ्या बाजूला मासा, म्हणजे रोहू, मरळ. तिसऱ्या बाजूला महिना. हे तिघं जिथं भेटतात तिथं एक खाना. त्या खान्यात किलो."

"अन् दोघंच भेटले तर?"

"तर... तिसऱ्याची बेरीज येते."

"बरं हाय मंग दोघांचं," ती म्हणाली, आणि लगेच खिडकीकडे पाहू लागली.

मी घाईनं पुढं बोललो. डेटाबेस हे सगळे खाने एका लांब ओळीत पाठवतो. मोबाइलला ती ओळ कळत नाही. म्हणून मी तिचं 'जेसन' करतो, म्हणजे एकात एक डबे. तलावाच्या डब्यात माशाचा डबा, माशाच्या डब्यात महिन्याचा डबा, आणि त्यात किलो.

"अन् महिन्याचा डबा रिकामा निंगाला तर?"

मी प्रोग्राम उघडला. त्यात रिकाम्या डब्यासाठी एक ओळ मीच लिहिली होती. खाना रिकामा आला तर शून्य टाक. कारण एवढंच, की रिकामा ठेवला तर आलेखाची रेघ मधेच तुटायची. तुटलेली रेघ मला वाईट दिसायची.

"जून लागला का आमी जाळी मोहाच्या झाडाले टांगतो," ती सांगू लागली. "मासोळी पोटुशी असते. पोळ्यापर्यंत कोणी पाण्यात जाळं टाकत नाई. जाळं टाकलं अन् मासा नाई आला, ते शून्य. जाळंच नाई टाकलं, ते शून्य कसं होईन?"

मी ती ओळ काढली. रिकाम्या खान्यात 'नल' जाऊ दिलं, म्हणजे इथं नोंदच नाही. सरासरी नऊ महिन्यांची झाली. तिचा ठिपका हिरवा झाला.

"पण रेघ तुटली," मी म्हणालो.

"तुटू द्या. त्या तीन महिन्यात आमची जाळीबी तुटकीच असतात. बसून विणतो."

मग तिनं पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. मे, मरळ, शून्य.

"थांबा, हेही काढतो."

"हे नाई काढाचं! मे मंधी जाळं टाकलं होतं. मरळ आली नाई. खरं हाय ते."

दामिनी माझ्या मनात बसली ती तेव्हा.

शुक्रवारी तलाव सोसायटीकडेच राहिला. त्यानंतर तिचे फोन येऊ लागले. प्रत्येक फोनमध्ये एक प्रश्न असायचा.

"डब्यात डबे किती ठेवता येतात?"

"पाह्यजे तेवढे."

"मंग शेवटचा डबा कोण उघडते?"

"ज्याले भूक लागली तो."

"तुमाले लागली काय?"

भाऊ म्हणणं तिनं कधी सोडलं, ते मला आठवत नाही.

जून लागताना तिच्या वडिलांनी, उमाजीभाऊंनी, मला जेवायला बोलावलं. "या पोरानं तलाव वाचवला," ते शेजाऱ्याला सांगत होते.

"शून्य त्यानंच टाकलं होतं, बाबा," दामिनी आतून म्हणाली.

जेवणं झाली. जाळी मोहाला टांगायची होती. उमाजीभाऊ दोर आणायला गेले. दामिनी जाळ्याचं टोक धरून उभी होती. मी विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

तिनं माझ्याकडे पाहिलं... हातातली गाठ नीट आवळली... आणि घरात निघून गेली.

मग तिचा फोन आला नाही. जून गेला, जुलै गेला. मीही केला नाही. काय उत्तर आहे ते मला कळलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "जाळी उतरवली. येऊन नाई राह्यले काय?"

मी गेलो. ती तलावाच्या पाळीवर उभी होती.

"मले वाटलं, तुझा नकार हाय."

"मी नाई म्हटलं काय?"

"काहीच नाई म्हटलं."

"मंग काऊन शून्य टाकलं? एवढं शिकवून?"

"तीन महिने काय करत होती?"

"विणत होती. तुमची जात येगळी, आमची येगळी. बाबाले तयार करता करता श्रावण सरला. तुमी घरी कोणाले सांगितलं काय?"

"नाई."

"पाहा. याले जाळं न टाकता मासा पाह्यजे!"

"अन् तुझं उत्तर?"

"होकार नसता तं बाबाले तीन महिने कायले पटवलं असतं मी?" असं म्हणून तिनं जाळं माझ्या हातात दिलं. "टाका आता."

मी जन्मात पहिल्यांदा जाळं फेकलं. ते उघडलंच नाही. गोळा होऊन पाण्यात पडलं. ओढून काढलं तर आत शेवाळ. दामिनी हसता हसता पाळीवर बसली.

"हे मात्र शून्य," ती म्हणाली. "हे लिहा."

आमचा संसार अकरा वर्षांचा झाला. या पोळ्याला तिला जाऊन दोन वर्षं होतील.

परवा आमची रिना मोबाइलवर शाळेचा फॉर्म भरत होती. आईचा फोन नंबर, या खान्याशी ती अडली.

"बाबा, इथी दहा शून्य टाकू काय? रिकामं सोडलं तर पुढं जाऊनच नाई राह्यलं."

"शून्य नको टाकू."

"मंग?"

"थांब," मी म्हणालो. "हा फॉर्म कोणं बनवला, त्याले विचारून येतो."