चालकाशिवाय

बाबांच्या वहीतली शेवटची नोंद होती: 'चालकाशिवाय, टाकी रिकामी, ५१२.' वजनकाट्यावरचा आकडा होता ५६९.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

"कालच तपासलाय," गॅरेजवाले मिस्त्रीकाका म्हणाले. माझ्याकडे न बघता.

ही गाडी म्हणजे शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण, नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणलेली. छप्पर नाही, काचा नाहीत, दाराला मुठीऐवजी कापडी पट्टी. त्यातूनही जे उरलं ते बाबांनी उतरवलं. पेडलना भोकं पाडली, लांब बोल्ट कापले, आणि काढलेला प्रत्येक तुकडा आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिला. "यांना फक्त मीच उतरवता आले नाही," आई म्हणायची. आजारपणात बाबा सत्तावन्न किलोंवर आले, तेव्हा म्हणाले, "बघा, आता मीही उतरतोय." आम्ही हसलो होतो.

गाडीचं वजन नेहमी दोनदा व्हायचं, चालकासह आणि चालकाशिवाय. बाबा सीटवर बसले की आकडा हलायचा. मग मिस्त्रीकाका "श्वास धरा" म्हणायचे, आकडा लिहून घ्यायचे, आणि "सोडा" म्हणायचे.

आता आईला ती गाडी नकोशी झाली होती. ती गेली की मला झोप लागेल, म्हणाली. आज सगळं आवरून येते, असं तिला सांगून मी निघाले होते. दातांचे एक डॉक्टर चार वाजता गाडी न्यायला येणार होते. अट एकच, वजन वहीप्रमाणे भरलं पाहिजे.

आणि मिस्त्रीकाकांना गाडी जायला नको होती. सकाळी किल्ली देताना त्यांनी ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली होती.

"काका, आत काय ठेवलंय?"

"लहानपणापासून ओळखतेस ना गं मला?"

"म्हणूनच विचारतेय."

ते पाना घेऊन आले. आम्ही तळाचे पत्रे उघडले, नाकाचं झाकण काढलं, पोकळ नळ्यांवर बोटं वाजवून पाहिली. त्यांच्या प्रत्येक हालचालीवर माझी नजर होती. चार चाकांखाली चार काटे. जादा वजन चालकाच्या बाजूलाच होतं. शेवटी सीट काढली. आकडा सीटच्या वजनाइतकाच उतरला. तिच्याखाली बाबांची एक बोथट पेन्सिल सापडली, बस.

सीट परत बसवली. ५६९.

तेव्हा माझं लक्ष शेवटच्या दशांशाकडे गेलं. दोन, चार, दोन, चार. मी पंखा बंद केला, शटर खाली ओढलं. आकडा तसाच वरखाली होत राहिला, संथपणे.

काका वही घेऊन उभे होते. वर न बघताच, सवयीने म्हणाले,

"श्वास धरा."

आकडा थांबला.

काकांची पेन्सिल कागदाला टेकली होती, पण लिहीत नव्हती. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा संशय गेला. दुसरं काहीतरी त्याच्या जागी आलं.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. आकडा हलेना.

शेवटी शेवटी बाबांना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची.

"काका, सोडा म्हणा."

काकांनी वही मिटली.

"सोडा, बाबा," मी म्हणाले.

५१२.

डॉक्टर वेळेवर आले. वहीतला आणि काट्यावरचा आकडा दोनदा ताडून पाहिला आणि खुशीत गाडी घेऊन गेले. "आईला यातलं काही सांगू नकोस," काका म्हणाले. एवढंच.

मी माझ्या गाडीत बसले, पर्स मागच्या सीटवर टाकली. पहिल्याच सिग्नलला टुणटुण सुरू झालं. शेजारच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही की ते वाजतं. मी सीटवरून हात फिरवला. रिकामी होती. गार होती.

दोन चौक मी ते वाजू दिलं. मग गाडी कडेला घेतली, शेजारचा पट्टा ओढून खटक्यात बसवला. आवाज थांबला.

घरापर्यंत हळू चालवली. इंजिन बंद केलं तेव्हा आई दारातच उभी होती. "गेली ना एकदाची?" तिने तिथूनच विचारलं.

शेजारच्या सीटवरचा पट्टा जरासा ताणला, सैल झाला, पुन्हा ताणला.