अल्बुकर्कीपर्यंतचा सोपा रस्ता

"त्या खुर्चीवर बस," रेखाकाकू म्हणाल्या, आणि वल्लरी बसली ती नेमकी शेजारच्या तरुणाच्या कोपराला धक्का देऊन. त्याच्या कपातला चहा टेबलावरच्या नकाशावर सांडला… पार टेक्ससभर.

"सॉरी—"

"असू दे," तो टिश्यूनं टेक्सस टिपत म्हणाला. "तिथे तसाही पाऊस कमीच पडतो."

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी माणसाला गाडीनं दूर जायचं असलं की तो रेखाकाकूंच्या घरी, हेमचंद्रकाकांकडे येतो, मुहूर्त काढायला गुरुजींकडे जावं तसा. काका निवृत्त इंजिनिअर. सगळी अमेरिका त्यांनी अकरा वेळा आरपार ओलांडलेली, आणि फोनमधली बाई सांगते त्या रस्त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. वल्लरीला पहिल्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल गाठायचं होतं. गाडी न्यायची होती, गाडीत मावेल तेवढा संसार न्यायचा होता, आणि साताऱ्याहून आईनं बजावलं होतं की एकटीनं जायचं नाही.

"मग हा आहे की," काकांनी त्या तरुणाकडे बोट दाखवलं. "ओजस. याचीही तिकडेच बदली झालीये, निरोप घ्यायला आलाय. तिकीट कॅन्सल कर रे. दोघं आलटून पालटून चालवा."

ओजसनं मान वर करून वल्लरीकडे पाहिलं. तिनं उगाचच कप सरळ केला.

"फक्त एक आहे काका," ती म्हणाली. "मला सोमवारी सकाळी नऊला तिथे पोचायलाच हवं. मूळ कागद दाखवून सही करायची आहे. शिक्षण संपल्यावर नोकरीशिवाय राहायला नव्वद दिवस मिळतात, आणि सोमवारी माझा नव्वदावा आहे. चुकलं, तर परत साताऱ्याला."

काकांनी चष्मा सारखा केला. "वरचा एटी नंबरचा हायवे जवळचा. पण फेब्रुवारीत वायोमिंगचं काही खरं नाही, वारा सुटला की ट्रक आडवे होतात. तुम्ही खालून फॉर्टी घ्या. दोनशे मैल जास्त पडतील, पण रस्ता सपाट, उबदार. एकदम सोपा."

वल्लरीच्या मांडीवर फोन होता. त्यात एटीचा आठवडाभराचा अंदाज उघडा होता: लख्ख ऊन, वारा नाही, बर्फ नाही. तिनं तो वाचला. मग शेजारी पाहिलं. ओजस अजून टेक्सस टिपत होता, एकेक गाव जपून. तिनं फोन उलटा ठेवला.

"फॉर्टीच बरा," ती म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मुलगा तिला आवडला होता.

मंगळवारी पहाटे निघाले. शनिवारी पोचायचं, रविवारी आराम, सोमवारी सही. हिशेब चोख होता. पण रेखाकाकूंनी काळजीपोटी एक काम केलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "मुलं फॉर्टीनं निघाली आहेत, वाटेत कुणी असेल तर लक्ष ठेवा." अशा निरोपाचं अमेरिकेत काय होतं ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. रोआनोक यायच्या आधीच पहिला फोन आला.

मराठी घरात चहाला जाणं सोपं, निघणं महाकठीण. चहामागून पोहे, पोह्यांमागून 'आता जेवूनच जा', आणि जेवल्यावर बेसमेंटमधलं नवं कार्पेट बघितल्याशिवाय सुटका नाही. रोआनोकला प्रतिमामावशींनी रात्री ठेवूनच घेतलं. नॅशव्हिलला अर्धा दिवस गेला. मेम्फिसला एका आजोबांनी त्यांच्या पाच बायपास एकेक करून सांगितल्या. आणि प्रत्येक वेळी फोन वाजला की वल्लरीनं तोंड उघडायच्या आत ओजस म्हणायचा, "हो हो, येतो ना काकू."

"तू कुणाला नाही म्हणतच नाहीस का?" आर्कान्सामध्ये तिनं विचारलं. बाहेर पाऊस लागला होता. वायपरच्या तालावर ओजसची बोटं स्टीअरिंगवर वाजत होती.

"म्हणतो ना. ज्यांनी काही विचारलेलं नसतं त्यांना."

"ओजस, गुरुवार संपला."

"पोचू यार. रस्ता सोपा आहे." त्यानं ओझरतं तिच्याकडे पाहिलं. "तुला थंडी वाजतेय?"

नव्हती वाजत. तरी त्यानं हीटर तिच्या बाजूला वळवला, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली, कारण चेहऱ्यावर आलेलं हसू त्याला दिसायला नको होतं. आत मात्र धाकधूक होती. एटीवरून गेलो असतो तर आत्तापर्यंत युटा गाठलं असतं, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. हसू आलं की मागोमाग ही टोचणी यायचीच. शुक्रवारी ओक्लाहोमा सिटीत बासुंदीचा आग्रह झाला तेव्हा तिनं वाटी तशीच बाजूला सारली.

शनिवारी दुपारी चार वाजता ते अल्बुकर्कीला पेट्रोल भरायला थांबले. अजून सोळा तास. रविवारी रात्री पोचलो असतो… तेवढ्यात फोन थरथरला. पुढे ॲरिझोनात विन्स्लोच्या पलीकडे फॉर्टी बंद. फ्लॅगस्टाफला दोन फूट बर्फ, रस्ता उघडायची वेळ सांगता येत नाही.

वल्लरीनं थेट काकांना फोन लावला. "काका, फ्लॅगस्टाफला बर्फ असतो?"

"बर्फ? छे गं. आम्ही अकरा वेळा गेलो. ते थोडं उंचावर आहे, सात हजार फूट, पण हवा काय सुंदर—"

"फेब्रुवारीत गेला होतात कधी?"

"…मुलांची सुट्टी जुलैमध्ये असायची गं," ते हळूच म्हणाले.

ती बॉनेटला टेकून उभी राहिली. ओजसनं दक्षिणेकडून फिरून जायचा रस्ता काढला: वीस तास, तेही सगळी अडलेली वाहतूक तिकडे वळली नाही तर, आणि रात्रीपासून तिकडेही वादळाचा इशारा होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नकाशा बंद केला.

"सव्वासहाचं फ्लाइट आहे. सीट एकच आहे. तू जा, गाडी मी आणतो."

"आणि चुकलं असतं तर? आज इथे एअरपोर्ट नसता तर?" तिचा आवाज चढला. "चार चहा, ओजस. चार घरं. माझ्या इथल्या शिक्षणाची सगळी पाच वर्षं त्या चहात गेली असती."

त्यानं गाडी सुरू केली. एअरपोर्ट दहा मिनिटांवर होता. दारासमोर गाडी लावून त्यानं तिची बॅग काढली, कागदांची फाइल तिच्या हातात दिली, पण त्या फाइलवरचा स्वतःचा हात काढला नाही.

"मला 'नाही' म्हणता येतं," तो म्हणाला. "नॅशव्हिलच्या काकूंनी आपणहून फोन केलाच नव्हता. मीच त्यांना करायला सांगितलं होतं. मेम्फिसलाही. पोचलो की तू तुझ्या ऑफिसात, मी माझ्या, आणि मग तुला भेटायला कारण काय सांगणार होतो? मला तू आवडतेस, वल्लरी. पण म्हणून मी तुझ्या दिवसांशी खेळायला नको होतं. चूक माझी आहे. सगळी."

सगळी. किती सोपं होतं… मान डोलवायची आणि काचेच्या दारातून आत जायचं. दोष तो घेतच होता. तिनं एक पाऊल टाकलंसुद्धा. मग तिथेच थांबली.

"सगळी नाही," ती न वळताच म्हणाली. "एटी कोरडा होता."

"काय?"

"पूर्ण आठवडा. काकांच्या घरी, त्याच टेबलावर मी बघितलं होतं." आता ती वळली. डोळे भरले होते, आणि तिनं ते लपवले नाहीत. "तुझ्याबरोबर दोनशे मैल जास्त मिळत होते. म्हणून गप्प बसले. माझे दिवस होते, आणि मीच उधळले. आणि पाच दिवस तुला बोलत राहिले."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तिनं गाडीची दुसरी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं आपल्या हातानं मिटली, आणि ती पळत आत गेली. विमानाचं दार बंद व्हायला अकरा मिनिटं उरली होती तेव्हा ती सीटवर बसली.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी सनीव्हेलमधल्या एका काचेच्या खोलीत वल्लरीनं सही केली. समोरच्या बाईंनी कागद तपासले, शिक्का मारला, वेलकम म्हटलं. बाहेर येऊन तिनं पहिला फोन साताऱ्याला केला आणि दुसरा त्याला.

"झालं?" त्यानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"झालं."

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. एअरपोर्टवर बोललेलं सगळं दोघांच्या मध्ये जसंच्या तसं उभं होतं.

"कुठे आहेस?" तिनं विचारलं.

"काल दुपारी रस्ता उघडला. आता कॅलिफोर्नियात शिरलोय. पुढे बेकर्सफील्ड."

"तिथे कुणी आहे?"

"नरेंद्रकाका आहेत एक. मंडळाच्या ग्रुपवरून त्यांना कळलंय. कालपासून तीनदा फोन आला, जेवूनच जा म्हणून."

वल्लरीनं डोळे मिटले. "ओजस, तू चिडलायस का माझ्यावर?"

"दोनशे मैलांबद्दल?" तो म्हणाला. "कमीच होते."

तिला हसू आलं, आणि इथे ते लपवायची काही गरज नव्हती. "मग ऐक. त्यांना 'नाही' सांग. आणि जवळच्या रस्त्यानं ये."

पलीकडे इंडिकेटर टिकटिकला.

"सकाळीच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "म्हटलं, काका, यावेळी राहू दे. घरी वाट बघताहेत."