ओळंब्यातली चरबी

मयूरा, तू विचारलंस ना, स्वतःचा फ्लॅट सोडून मी तुझ्या सोफ्यावर का झोपते? लाइट राहू दे. सांगते.

काम साधं होतं. वॉलॉंगॉंगच्या किनाऱ्याजवळ दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीतून एकच वस्तू वर आली होती, समुद्र किती खोल आहे ते मोजायचा शिशाचा ओळंबा. अकरा माणसं बुडाली, त्यांची तेवढीच खूण. आमच्या म्युझियमच्या लाकडी कपाटातल्या आंबट वाफेने शिसं खाल्लं जात होतं, वर विषारी पांढरी पूड धरत होती. पूड पुन्हा आली तर शुक्रवारी कमिटी तो कायमचा काढून टाकणार होती. मी भांडून मागून घेतला.

माझी सीनिअर चित्राताई म्हणाली होती, तळाशी खळगा आहे, त्यात काय आहे ते आधी तपासून घे. रिपोर्टला तीन आठवडे लागतात. कोण थांबणार? खळग्यात जुनी चरबी होती, आणि चरबीही शिसं खाते. खरवडली, पूड साफ केली, ओळंबा हवाबंद डब्यात घालून स्टोअरमध्ये ठेवला.

मंगळवारी सील जसंच्या तसं, आत ओळंबा ओला. बुधवारीही. गुरुवारी त्यावर पुन्हा पांढरी पूड.

“खळग्यात काय होतं?” चित्राताईने विचारलं.

“चरबी. घाण होती, काढली.”

“घाण नव्हती गं, ऋता. खलाशी मुद्दाम भरायचे. समुद्रतळाची वाळू तिला चिकटून वर यायची, मग बोट कुठे आहे ते कळायचं. आता तो नुसताच ओळंबा टाकत बसेल...”

“कोण?”

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “घरी जा. चेहरा बघ तुझा.”

खरंच दमले होते. फ्लॅटवर अजून पलंग नाही, निळ्या कार्पेटवरच गादी. तीन रात्री कानाशी ओला दोर सरकल्याचा आवाज येत होता.

त्या दुपारी बुचरकडून चरबी आणली आणि शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवून खळगा भरला.

शुक्रवारी ओळंबा कोरडा. पुडीचा कण नाही. कमिटीने ठेवून घेतला. सगळे गेल्यावर मी तो उलटा केला. चरबीला वाळू नव्हती, निळे धागे होते. आमच्या स्टोअरला सिमेंटची जमीन आहे.

म्हणून त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आले. वाटलं, इथे तरी...

आज सकाळी परत बघितलं. निळ्या धाग्यांवर आता करडेही आहेत, ताजे, तुझ्या या कार्पेटच्या रंगाचे.

मयूरा, पाय वर घेऊन बस.