काल आलेले सहा जण

समुद्र पाहायचा म्हणून आमच्या सासूबाईंनी नव्या चपला घेतल्या. पांढरकवड्याच्या बाजारात अर्धा दिवस घालवून, दुकानदारांना रडकुंडीला आणून, लाल पट्ट्याच्या. समुद्रावर लोक चपला काढून हातात घेतात, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग हातात धरायले तरी चांगल्या नको काय?" मी शाळेत भूगोल शिकवते, चपलांच्या बाबतीत माझं ज्ञान तोकडं आहे, म्हणून गप्प बसले.

शिक्षकांना महाराष्ट्र दर्शनाची सवलत मिळते. ती मी कधी घेतली नव्हती. २००७ च्या दिवाळीत घेतली, कारण घरातली हवा कोंडली होती. ती वर्षं आमच्या भागाला वाईटच गेली. कापसाला भाव नाही, सरकी काढायच्या जिनिंगा एकेक करून बंद पडलेल्या, आणि पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव दिसलं की आम्ही पान उलटायचो. माझा धाकटा दीर संघर्ष अशाच एका जिनिंगमध्ये कामाला होता. ती बंद पडली तेव्हा तो हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला. पुढे त्याचा काही ठावठिकाणा नाही. मग एका ड्रायव्हरनं बातमी आणली, की तिकडे रस्त्यावर अपघात झाला होता, त्यात एक उंच, सावळा पोरगा होता, ओळख पटली नाही म्हणे.

सासरे नागोराव यांनी ते खरं मानलं. दिवाळीनंतर विहारात संघर्षचं जलदान करायचं, भन्तेजींना बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं. जलदान गेलेल्या माणसाचं करतात. ते झालं की माणूस गेला, हे सगळ्यांनी मान्य केल्यासारखं. सासूबाई, पंचफुलाबाई, मात्र रोज त्याचं ताट वाढत होत्या. समुद्र पाहून त्यांचं मन जरा हलकं होईल, मग तिथेच सांगून टाकू, असं ठरलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुनांना अशी कामं न मागता मिळतात.

तर आम्ही पाच जण निघालो. सासू-सासरे, मी, आमचे हे राजदीप, ज्यांचं हायवेवर बॅटरीचं दुकान आहे, आणि आमची दहा वर्षांची प्रियंका. उवांना कंटाळून मी नुकतेच तिचे केस पोरासारखे कापले होते, त्यामुळे ती वर्ध्यापासून रुसलेली. एक रेल्वे, दुसरी रेल्वे, आणि शेवटी एसटी. सकाळी वेळगावला उतरलो तेव्हा अंगातलं हाड न् हाड वाजत होतं. समोरून एक एसटी सुटत होती. तिच्या खिडकीतली एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. चेहरा ओळखीचा वाटला. आमच्याकडची कुणी असेल म्हणून मी सोडून दिलं.

आमची उतरायची सोय कांदळकर काकूंच्या घरी होती. घर बंदराला लागूनच, ओसरीचं काम अर्धवट, अंगणात चिऱ्यांचा ढीग. काकू दारातच होत्या. आम्हाला पाहून हसल्या.

"काय हो, काय विसरलात? की गाडी चुकली?"

"आम्ही आत्ताच येऊन राह्यलो," राजदीप म्हणाले.

काकूंना ती गंमत वाटली. त्यांनी प्रियंकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. "वेण्या कुठे गेल्या गं हिच्या? आणि ही अशी बुटकी काय दिसते आज?"

प्रियंकाचा रुसवा दुप्पट झाला. पर्यटनाच्या गावात रोज शंभर चेहरे येतात, काकूंचा घोटाळा झाला असणार, असं मी म्हटलं. मग चहा आला. ट्रेमध्ये सहा कप होते. काकू सहाव्या कपाकडे बघत राहिल्या, कोणाची तरी वाट पाहिल्यासारख्या, आणि तो तसाच आत घेऊन गेल्या.

दुपारी समुद्रातला कोट पाहायला निघालो. वेळगावचा पाणकोट किनाऱ्यावरूनच दिसतो. काळा, बसका, तटाला शंख-शिंपल्यांची खरबरीत पुटं. सासूबाई धक्क्यावर पदर सावरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् कोणाच्याच वावरात नाही!"

होडीवाला बस्त्याव नावाचा, उन्हानं रापलेला माणूस. त्यानं आम्हाला एकेकाला हात देऊन आत घेतलं आणि सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"गावली काय गे आजये चप्पल? माका वाटला, समुद्रानं गिळल्यान ती."

"कोणती चप्पल?"

"काल पडली ती. हीच, लाल पट्ट्याची."

सासूबाईंनी पाय जवळ घेतले. "माह्या दोन्ही पायातच हाय, बाप्पा." बस्त्याव खांदे उडवून वल्ही मारू लागला. राजदीपनी माझ्याकडे पाहिलं, मी लाटांकडे.

कोटात गोड्या पाण्याची विहीर होती. चारी बाजूंनी खारं पाणी असताना मध्ये गोडं कसं, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. सासऱ्यांनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाले, "गोड हाय हे खरं. बाकी तुहं तू जाण." बऱ्याच दिवसांनी ते हसले होते.

तटाबाहेर वाळूची चिंचोळी पट्टी होती, शिंपल्यांनी भरलेली. प्रियंका एकेक शिंपला उचलून फ्रॉकमध्ये टाकू लागली. ते पाहून सासूबाईंच्यातली मजूर बाई जागी झाली. "अशी वेचते काय कोणी? दोन्ही हात मोकळे पायजेत!" त्यांनी सासऱ्यांचा शेला ओढला, दोन टोकं गळ्यात आणि दोन कमरेला पिळून गाठ मारली. कापूस वेचताना बांधतात तशी पोटाशी ओटी तयार झाली. मग सगळ्यांना बांधायला लावली, आम्हाला एका रांगेत उभं केलं, प्रत्येकाला आपली पात वाटून दिली. समुद्राच्या काठी आम्ही पाच जण वाकून, दोन्ही हातांनी शिंपले वेचत पुढे सरकत होतो. मला हसू आवरेना. हसता हसता वाटलं, किती दिवसांनी आपण सगळे एका कामाला लागलोय.

बस्त्यावही होडीत बसून हसत होता. "कालय अशेच! पोटाक कापडा बांधून सगळे. माका वाटला, देवाचा काय असात."

मी कमरेत ताठ झाले. रोज शंभर माणसं येत असतील, पण अशी ओटी बांधून शिंपले कोण वेचतं?

"काल किती जण होते?" मी विचारलं.

"सा. तुम्ही पाच, आणि तो उंच झील. डाव्या हातान शिंपले येची तो."

सासूबाई आहे तिथे वाळूत बसल्या. संघर्ष डावखोरा होता.

"दुसरे कोणी असतील," सासरे चढ्या आवाजात म्हणाले. "अमरावतीचे, वर्ध्याचे. कापूस का आपल्याकडेच होते?" त्यांचा आवाज मात्र त्यांच्यावरच विश्वास नसल्यासारखा होता.

संध्याकाळी काकूंनी एक दुपट्टा आणून दिला. निळ्या चौकड्यांचा, नवा कोरा. "हा बघा, दोरीवर राहिला होता तुमचा. सकाळी हाच विसरलात, असं वाटलं होतं मला." त्याच्या एका टोकाला गाठ होती, आणि गाठीत मूठभर शिंपले.

"हा आमचा नाही," मी म्हणाले. पण सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला होता. गाठीवरून त्यांची बोटं फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"पीळ उलटा हाय," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं, तं त्यानं आपल्या हातानं उलटी मारली. कितीदा सांगतलं, सुधारलाच नाही. ही माह्या संघर्षची गाठ हाय."

"डावखोरा का जगात एकच हाय, पंचफुला?"

राजदीपनी दुसरं टोक दिव्याखाली धरलं. तिथे बारीक भोक होतं, कडा पिवळट. "हे बॅटरीच्या ॲसिडचं हाय," ते हळूच म्हणाले. "माह्या समद्या कपड्याले असेच हायत."

बाहेर पाणी चढत होतं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दीपा, तुले इथं काय सांगायले लावलं, मले माहीत हाय. सांगू नको."

माझे डोळे भरून आले. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी दुपट्टा मांडीवर घेतला, ती गाठ सोडायला नख लावलं, आणि हात मागे घेतला.

"राहू दे जलदान," ते म्हणाले. "या साली नको."

पुढच्या वर्षी जूनमध्ये संघर्ष आला. राजदीपच्या दुकानासमोर ट्रकमधून उतरला आणि म्हणाला, "दादा, पानी हाय काय?" तो तमिळनाडूत सूतगिरणीत होता. काहीतरी होऊनच तोंड दाखवायचं, या हट्टापायी त्यानं वर्षं घालवली होती. सासूबाईंनी आधी त्याला दोन थपडा मारल्या, मग घट्ट धरलं. रडून झाल्यावर मी त्याला विचारलं, गेल्या दिवाळीत कुठे होता? "गिरणीत, पाळीवर. कायले?" समुद्र त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

तो दुपट्टा सासूबाईंच्या पेटीत तळाशी होता. तो त्यांनी त्याला दाखवला नाही, मीही विषय काढला नाही.

संघर्ष राजदीपच्या दुकानात बसू लागला. त्याच्या पुढच्या दिवाळीत सासूबाईच म्हणाल्या, समुद्रावर जाऊ, समदे. निघायच्या दिवशी संघर्ष स्टँडवर आला तेव्हा त्याच्या गळ्यात निळ्या चौकड्यांचा दुपट्टा होता.

"नवा घेतला, वैनी. अन् कालच ॲसिडचा थेंब पडला, पाहा न."

मी पाहिलं नाही. प्रियंकाच्या वेण्या घालत होते. आता तिच्या दोन वेण्या येत होत्या.

वेळगावला चिऱ्यांचा ढीग होता तसाच अंगणात होता. ओसरीही तेवढीच अर्धवट. काकूंनी आमचं स्वागत केलं. "पहिल्यांदाच आलात ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बस्त्यावनंही ओळख दाखवली नाही. होडीत चढताना सासूबाईंना मागचं बोलणं आठवलं. पायातून पडायला नको म्हणून त्यांनी लाल पट्ट्याच्या चपला काढून हातात घेतल्या. धक्क्यापासून थोडं पुढे गेलो, होडी हलली, त्यांनी काठ धरायला हात उघडला, आणि एक चप्पल पाण्यात गेली. सासूबाई पोट धरून हसल्या. मी हसू शकले नाही.

कोटाच्या वाळूवर आम्ही सहा जणांनी ओट्या बांधल्या. संघर्षनं उलटा पीळ मारला. सासरे त्याच्याच शेजारची पात धरून वेचत होते आणि मधूनमधून, उगाचच, त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. मला तो दिवस संपूच नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत बसलो. सासूबाईंच्या पायात बाजारातली रबरी चप्पल होती. गाडी सुरू झाली आणि संघर्ष उठला.

"माहा दुपट्टा राह्यला! दोरीवर हाय. पयत जाऊन आणतो."

"राहू द्या, भाऊजी."

"नवा हाय न, वैनी. शिंपले बी हायत त्यात."

मी त्याचा हात धरला. मला दुसऱ्या एका संध्याकाळी त्याच गाठीला नख लावणारे सासरे दिसत होते.

"बसा खाली," मी म्हणाले. "कोणाच्या तरी कामी येईल."

तो बसला.

समोरून एक एसटी आली आणि थांबली. आमची हलली.

समोरच्या एसटीतून एक माणूस उतरला, मग एक थकलेले गृहस्थ, मग केस कापलेली, रुसलेली एक पोर. मागून पिशवी सांभाळत एक बाई उतरली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, तो येतो गं. पण मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.

शेजारी सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. सगळ्यात शेवटी एक म्हातारी दांडा धरून उतरत होती.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "किती झिजली हाय बाई. कोणाची वाट पाह्यते कोण जाणे."

म्हातारीनं जमिनीवर पाऊल ठेवलं. लाल पट्ट्याच्या दोन्ही चपला तिच्या पायात होत्या.