सात हजार दोनशे किलोमीटर

लंडन ते मुंबई हवाई अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर आहे. विमानाला नऊ तास लागतात. मुंबईहून गाडीने तुडीलला यायला आणखी पाच. मी महाडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून अब्बा गेल्यावर जमातीतले वडीलधारे झकेरियाचाचा यांनी हा हिशेब मलाच विचारला.

अब्बा आदल्या संध्याकाळी गेले होते. माझा धाकटा भाऊ मुदस्सर सहा वर्षांनी लंडनहून निघाला होता. त्याचं तिकीट माझ्या फोनवर होतं. मुंबईत आगमन सकाळी अकरा. म्हणजे साडेचारपर्यंत घरी. असरच्या नमाजानंतर मय्यत उचलता आली असती.

मी म्हणाले, ही वेळ लंडनची आहे. आपण साडेपाच तास पुढे. त्याला घरी यायला रात्रीचे दहा वाजतील.

विमान जिथे उतरतं, आगमनाची वेळ तिथलीच छापतात. मला ते ठाऊक होतं. सहा वर्षं अब्बांचं सगळं अंथरुणात मी केलं, आणि शेवटचे तीन दिवस ते फक्त मुदस्सरचं नाव घेत होते.

चाचांनी तिकीट मागितलंही नाही. "तू सांगतेस म्हणजे बरोबरच असंल गो," म्हणाले. रात्रीपर्यंत ठेवायचं नाही, दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन, असं ठरलं.

साडेअकराला विमानतळावरून मुदस्सरचे फोन आले. गावातला माझाच नंबर त्याच्याकडे होता. मी उचलले नाहीत.

आमच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. तीनला पुरुष परतले. चपला काढता काढता चाचा म्हणाले, "शिकलेल्यांचा हिशेब चुकला की. मुदस्सर वेळेवर पोचला."

जनाजा खाली ठेवला तेव्हा तो बाजूला उभा होता म्हणे. कुणाशी बोलला नाही. मुलाचा हक्क म्हणून कबरीत उतरला, डोक्याकडून अब्बांना घेतलं, कफनाची गाठ सोडली आणि तोंड बघत बसला. आमचा चुलतभाऊ सोहेल शेजारीच होता. त्यानेही मान हलवली.

तो कुठे आहे, मी विचारलं. मागून येत असेल, असं दोघंही म्हणाले.

साडेअकराला विमानतळावर असलेला माणूस दोन वाजता दफनाला तुडीलमध्ये पोचू शकत नाही. मी पुन्हा मोजलं. नाही.

साडेचारला अंगणात टॅक्सी थांबली.

मुदस्सर उतरला. बॅगेला विमान कंपनीची चिठ्ठी तशीच होती. त्याने ओसरीवरची अब्बांची रिकामी खाट पाहिली.

"आपा, फोन का नाय उचललास?"

मग पुरुषांकडे वळून म्हणाला, "कबरीत कोण उतरलं?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी जमिनीकडे पाहत राहिले.

चाचा हलक्या आवाजात सोहेलला म्हणाले, "कबरीतून वर यायला त्याला हात तू दिलास ना रे?"

"मी नाय," सोहेल म्हणाला. "मी समजलो तुम्ही दिलात."

ओसरीवरचे बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. माती मात्र सगळ्यांनी दिली होती.