जावई धरून

बोंबलांच्या रांगेत गुलाबी टॉवेल दिसला तेव्हा हेमालीला आधी वाटलं, उन्हाने डोळे फसवले. मग त्याच्या शेजारी पिवळा दिसला, पलीकडे निळा, आणि खाली वाळूत पडलेले बोंबील.

उंबरबंदर हे घिवलीच्या अलीकडचं कोळ्यांचं गाव. घरं आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात, आणि त्यांच्या दोरांवर दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत बोंबील वाळतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. गाठ नाही, चिमटा नाही. दोघांनी एकमेकांना धरून राहायचं, एवढाच आधार. गावातल्या बायकांचं निम्मं आयुष्य या जोड्या लावण्यात जातं. त्याच दोरांवर मुंबईहून समुद्रस्नानाला आलेल्या सुशिक्षित मंडळींनी आपले ओले टॉवेल पसरले होते. बोंबलांना कुणी मालक असेल, ही शक्यता त्यांच्या शिक्षणात आलेली नसावी.

हेमालीने सगळे टॉवेल गोळा केले, पाटीत कोंबले आणि पाटीवर बसून राहिली.

थोड्या वेळाने त्या मंडळींना घेऊन आलेला सहलवाला स्वतःच आला. उंच, सावळा, टोपी हातात, चेहऱ्यावर गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं हसू.

"ते टॉवेल आमच्या पाहुण्यांचे आहेत."

"बोंबील आमचे हायत. ते वाळूत हायत."

"चूक झाली. काय करू, सांगा."

"उचला, धुवा, जोड्या लावा. मग टॉवेल."

तो हसला, ती हसत नाही हे पाहून त्याने बाह्या सरसावल्या. पहिल्या दोन बोंबलांचे जबडे त्याने तोडले. तिसऱ्याने त्याच्या बोटात दात रुतवले.

"हा चावतो...?"

"मेल्यावर पण चावतो. माणूस बघून."

मग तिने त्याचं बोट धरलं, हलकेच, जणू तेही एखादं मासळीचं अंग असावं, आणि कुठे दाबायचं, कुठे सोडायचं ते दाखवलं. दाखवून झाल्यावर बोट सोडायला तिला किंचित उशीर झाला. तेवढ्या उशिरात उत्तरेचा गार वारा दोघांच्या मधून गेला, आणि त्याने नाव विचारलं.

"टॉवेल न्यायला नाव लागत नाय," ती म्हणाली.

त्याचं नाव शैलेश. वाणगावजवळ वडील दिनानाथ यांची चिकूची वाडी होती. फळ धरेनासं झालं तेव्हा त्याने रविवारच्या सहली सुरू केल्या. त्याच्या जाहिरातीवर 'अस्सल कोळी जीवन, अगदी जवळून' असं छापलेलं असे, आणि बसमध्ये शिरताच प्रत्येक पाहुण्याला एक मास्क आणि सुगंधी कागदी रुमाल मिळे, अस्सल जीवन फारच जवळ आलं तर नाकाला लावायला.

पुढच्या रविवारी बस आली ती वलांड्यांपासून लांब थांबली. शैलेशने खांब रोवून दोरी बांधली, पाहुण्यांना दोरीबाहेरून नेलं, आणि स्वतः आत येऊन जोड्या लावायला बसला. त्यानंतरच्या रविवारीही. बायकांना हा आयता तमाशा मिळाला. त्यांच्यात सर्वांत म्हातारी नवसी. तिला दिसायचं कमी आणि कळायचं जास्त. ती म्हणाली, "हात चालतो हो पोराचा. जावयाला बरा हाय." हेमालीची आई काशीबाई तिच्यावर डाफरली. हेमालीने मान खाली घातली आणि एकाच बोंबलाला दोन जोडीदार अडकवून ठेवले.

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. ती 'तुमी'वरच राहिली. त्या दोन अक्षरांचं कुंपण तिला सोयीचं वाटत होतं.

"तुझ्या हातांना आता वास येत नाही," एकदा तो म्हणाला.

"येतो. तुमाला कळत नाय आता."

"हे वाईट का?"

"माझ्यासाठी... ठाऊक नाय. तुमच्या धंद्यासाठी वाईट."

तो इतक्या मोकळेपणाने हसला की वलांडीवरचे कावळे उडाले. सुखाची एवढी नोंद पुरे; गाव त्यापुढे सुखात राहिलं नाही.

शैलेशने वाट दाखवली होती, आणि दाखवलेली वाट दाखवणाऱ्यापुरती राहत नाही. संक्रांतीपर्यंत दुसऱ्यांच्या बसेस येऊ लागल्या. त्यांना दोरी बांधण्याचा सोस नव्हता. किनाऱ्याला जायला गावातून एकच अरुंद वाट. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि वातानुकूलित काचा त्यांच्यासमोरून जायच्या. गावाने तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. उत्तर अत्यंत सभ्य भाषेत आलं. किनारा सार्वजनिक असल्याने कुणालाही मज्जाव करता येत नाही. तथापि या सार्वजनिक जागेवर बांबू कुणाच्या परवानगीने रोवले, याचा खुलासा गावाने करावा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्या बायका अतिक्रमण ठरल्या, आणि रविवारी चार तासांसाठी आलेला माणूस जनता ठरला. असं उत्तर लिहायला अक्कल लागत नाही, पण मन मारायची दीर्घ साधना लागते.

माघाच्या अखेरीस, भर दुपारी, पाठीमागे घेत असलेल्या एका बसखाली नवसी सापडली. ती वलांडीखाली वाळूत बसून जोड्या लावत होती. आत गाणी चालू होती म्हणून चालकाला बायकांच्या हाका ऐकू गेल्या नाहीत. बोईसरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तिचा प्राण गेला. ती बस शैलेशची नव्हती. हे त्याने हेमालीला पुनःपुन्हा सांगितलं, आणि ते खरंच होतं.

"बस तुमची नव्हती," ती म्हणाली. "वाट तुमची होती."

त्या सुतकात ग्रामसभा भरली. बोंबील सुकवणाऱ्या बायकांच्या संस्थेची चिटणीस म्हणून ठराव हेमालीने लिहिला. पायी येणाऱ्या कुणालाही समुद्र मोकळा. मात्र पर्यटक आणण्याचा धंदा करणाऱ्या कुणीही, बस असो वा पायी जथा, गावची वाट आणि किनारा वापरू नये. यातून गावच्या घरातलाच धंदा असेल तर तेवढा वगळला होता, कारण दोन-तीन घरांच्या खोल्या भाड्याने जात आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायला कुणी धजलं नाही. वाटेच्या तोंडाशी साखळी लागली. तालुक्याच्या कचेरीने ठराव बेकायदा असल्याचं कळवलं. साखळी काढायला मात्र कुणी आलं नाही, कारण वर्तमानपत्रात नवसीचा फोटो अजून ताजा होता.

पंधरवड्याच्या आत शैलेशचे आईवडील मागणी घालायला आले.

दिनानाथ ओटीवर ताठ बसले. मंदाबाईंनी पदर नाकाशी नेला, मग भान येऊन तो खांद्यावर नीट केला. चिकूंची करंडी मधे ठेवली गेली. बागायतदारांच्या घरात कोळ्याची मुलगी ही गोष्ट त्या भागात सहजासहजी घडत नाही. पण दिनानाथ म्हणाले की जग बदललं, आता मुलांचं सुख पाहायचं. बोलता बोलता त्यांनी असंही विचारलं की उंबरबंदरात जावयाला घरचाच माणूस धरतात, होडीत वाटाही देतात, हे खरं का.

"खरं हाय," काशीबाई म्हणाली. "जुना रिवाज हाय."

पाहुणे गेल्यावर तिने करंडीतला एक चिकू उचलून हुंगला. "आजवर यांना आपला वास येत होता. ठराव झाला नि गेला." मग लेकीकडे न बघता हळूच म्हणाली, "पन पोरगा वाईट नाय, हेमा. रस्त्यापायी का होईना, कोन येतंय आपल्या दारात?"

हेमालीला त्या वाक्यातला शहाणपणा मारापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी शैलेश एकटा आला. वलांड्यांमधून ऊन तिरपं पडलं होतं आणि वाळूवर बोंबलांच्या जोड्यांच्या सावल्या हलत होत्या. तो समोर बसला. हाताने सवयीने दोन बोंबील उचलले.

"एक विचारते. खरं सांगा. ठराव झाला नसता तर आले असते तुमचे आईवडील?"

"ते... नसते आले."

"तुमी आणलं असतं त्यांना?"

त्याने जबड्यात जबडा बसवला. "आज ना उद्या आणलं असतं, असं वाटतं. पण साखळी लागली नसती तर आज नसतं आणलं. खोटं कसं बोलू?"

"म्हणजे मी की वाट?"

"दोन्ही. मी कधी वेगळं करून पाहिलंच नाही, हेमाली. तुला पाहिलं ते इथेच, या वाटेने येऊन. तुला इथून काढून कसं पाहू?"

खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरं बोलला, आणि ते खरं इतकं देखणं होतं की तिला त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. तिने हात धुतले आणि घरी गेली.

पुढच्या ग्रामसभेत चिटणीसबाई आपल्याच ठरावात भर घालायला उभ्या राहिल्या. शैलेश दाराशी उभा होता. तिने सपाट आवाजात वाचलं की गावच्या घरातला धंदा म्हणजे गावात राहून त्याच घराने चालवलेला; बाहेरून बस आणणाऱ्याला कोणत्याही नात्याने सवलत मिळणार नाही, जावई धरून.

सभेत हशा पिकला, मग तो एकाएकी थांबला, कारण बायकांना कळलं की ही कुणाचा जावई म्हणते आहे. एक म्हातारा उठून म्हणाला की जावयाला परका म्हणणं गावच्या रिवाजात बसत नाही. "नवसीला बसखाली मारणं पण बसत नव्हतं," हेमाली म्हणाली. काशीबाईचा हात सर्वांच्या शेवटी वर गेला. दाराकडे पाहायचं नाही असं हेमालीने ठरवलं होतं. तिने पाहिलं, तेव्हा दारात फक्त ऊन होतं.

आता तो येतो का, एवढाच प्रश्न उरला. वाट गेली, हेमाली उरली होती. तिच्यासाठी येणारा माणूस आता निव्वळ तिच्यासाठीच आला असता. रविवार येऊन गेले. साखळीपलीकडे एखादी सावली थांबली की तिच्या हातातला बोंबील निसटे, आणि ती स्वतःवरच चिडे. गुढीपाडवा झाला. वारा फिरला, ऊन चरचरू लागलं.

चैत्रात एका सकाळी तो चालत आला. बस नाही, टोपी नाही, चपला हातात. साखळी ओलांडली आणि तिच्या समोर वाळूत बसला.

"पायी येणाऱ्याला मोकळा आहे ना समुद्र?"

"हाय."

"समुद्रासाठी नाही आलो."

तिच्या छातीत भरतीचं पहिलं पाणी शिरावं तसं काहीतरी शिरलं. तिने पाटी मधे सरकवली. दोघं जोड्या लावू लागले. तो सांगत होता की राहवलं नाही, घरचे आता बोलत नाहीत, लग्न करायचं तर तुझ्याशीच, वाटेचं नाव काढणार नाही. ती ऐकत होती आणि तिच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सकाळ होती, जोवर तिने विचारलं नव्हतं.

"धंद्याचं काय मग?"

"चाललाय. बसेस दुसऱ्या गावाला नेतो आता, सफाळ्याकडून आत... छोटा कोळीवाडा आहे."

"तिथे वलांड्या हायत?"

त्याचे हात थांबले. "आहेत."

"दोरी बांधता?"

"बांधतो. मी बांधतो." मग, फार हळू, "मागून आलेले नाही बांधत."

"बाया काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत अजून."

समुद्र ओहोटीला लागला होता. हेमालीने हातातली जोडी दोरावर टाकली आणि ती झुलायची थांबेपर्यंत पाहत राहिली.

"तुझ्यावर जीव हाय माझा," ती म्हणाली. कुंपणाची दोन अक्षरं त्या दिवशी पहिल्यांदाच गळाली. "म्हणून सांगून येते, न सांगता नाय. त्या गावात मी येनार. त्यांचा ठराव लिहून द्यायला."

तो हसला. "मग मी कुठे जाऊ?"

"त्याच्या पुढच्या गावात. किनारा लांब हाय."

"आणि तू?"

"मागोमाग."

हे प्रेमातलं बोलणं आहे अशी त्याची अजून समजूत होती, आणि ती चूकही नव्हती. पण तिचे डोळे पाहिले तेव्हा त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

"बस सोडली तर?" ती म्हणाली. "सगळीकडची?"

"चिकू धरत नाहीत, हेमाली. दुसरं काय येतं मला?"

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात आता जबडे तोडत नव्हते. पण म्हणायचं ते त्याने म्हणायला हवं होतं, आणि तो म्हणाला नाही.

पाटी रिकामी झाली तेव्हा तळाशी एक बोंबील उरला. उंबरबंदरात जोडी नसलेला शेवटचा बोंबील दोरावर टाकत नाहीत. ज्याच्या हाताशी उरला त्याने तो घरी न्यायचा असतो. तो शैलेशच्या हाताशी उरला होता. तिने तो केळीच्या पानात गुंडाळला, सुतळी बांधली आणि त्याच्या हातात दिला. बोट सोडायला तिला पुन्हा किंचित उशीर झाला.

तो साखळी ओलांडून एस.टी.च्या थांब्याकडे गेला. वाणगावपर्यंत दुपारची गाडी भरून जाते, माणसं दांड्याला लोंबकळतात. तरी हातातल्या बोंबलाच्या वासापायी त्याच्या शेजारची जागा आज रिकामी राहील, हे हेमालीला ठाऊक होतं.